नळाच्या नकाशाची खोती

आमच्याकडच्या एका नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत पाणीपुरवठ्याच्या विषयावर तासभर खडाजंगी झाली, आणि त्या तासाभरात पाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. शहरातल्या नळवाहिन्यांचा नकाशा संगणकावर उतरवायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. तो वार्षिक परवान्याच्या विकतच्या प्रणालीत करायचा की क्यूजीआयएस या नकाशे करायच्या साधनासारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये (म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या), इथे गाडी अडली. एक बाजू म्हणाली, "फुकट ते पौष्टिक मानून शहराचं पाणी पणाला लावू नका." दुसरी म्हणाली, "परवान्याचे पैसे वाचतायत, तर घ्यायला काय जातंय?" विषय पुढच्या सभेवर गेला. तेव्हापासून हा वाद चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवरच्या गटांमध्ये मी ऐकतोय, आणि सगळीकडे तो या दोन वाक्यांभोवतीच घुटमळतोय. दोन्ही वाक्यं किमतीबद्दलची आहेत. नकाशा झाल्यावर तो कोणाच्या हातात राहणार, हे विचारायचं दोन्हीकडच्यांना सुचलेलं नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मुक्त सॉफ्टवेअरच घ्यावं. पण ते फुकट आहे म्हणून घेणार असाल, तर न घेतलेलं बरं. काम नीट करायचं तर परवान्यातून वाचलेला पैसा माणसांवर, मोजणीवर आणि रस्ता खणून पाहण्यावर जाणार आहे, कदाचित त्याहून थोडा जास्तच. घ्यायचं कारण वेगळं आहे. आपल्या गावात पाणी कुठून कुठे जातं ही माहिती आज गावाच्या मालकीची नाही, आणि दुसऱ्याच्या कुलपातल्या प्रणालीत ती भरली तर फक्त मालक बदलेल.

कोकणातल्या माणसाला हे समजायला लांब जावं लागत नाही. खोती आठवा. खोत सरकार आणि कूळ यांच्या मधे उभा असे. सारा सरकारात भरायची जबाबदारी त्याची आणि कुळांकडून वसुली करायचा हक्कही त्याचाच. कुठल्या खाचरात किती भात पिकतं, कुठली वरकस जमीन कोण कसतो, कोणाची किती बाकी आहे, हे त्याला ठाऊक. सरकारदरबारी गावाचा ठोक आकडा. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात मोजणी आणि जमाबंदी आली तेव्हा खोतांनी कुरबुर केली. ती फक्त साऱ्याच्या आकड्यावरून होती का? शेताला नंबर पडला आणि कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं, की मधल्या माणसाची गरज तिथेच निम्मी होते. १८८० चा खोती कायदा, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती रद्द करण्याचं विधेयक, आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा: जवळजवळ सत्तर वर्षं लागली. जमिनीच्या मालकीचं भांडण बऱ्याच अंशी नोंदीच्या मालकीचं भांडण होतं, हे त्या सत्तर वर्षांत नीट दिसतं.

आज नळाच्या पाण्याचा पहिला खोत म्हणजे व्हॉल्व्हमन. त्या बिचाऱ्याला खोत म्हणणं अन्यायाचं आहे, कारण खोताच्या वाट्याला वाडा आला आणि याच्या वाट्याला कंत्राटी हजेरी. पण माहिती एकट्याकडे, ही गोष्ट तीच. तौक्ते वादळाच्या पुढच्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका गावात, एका वॉर्डापुरता नळांचा नकाशा करायला मी मदत केली होती. व्हॉल्व्हमन पुढे, मोबाइल घेऊन आम्ही मागे. त्याच्याकडे प्रत्येक व्हॉल्व्हला नाव होतं: देवळाकडचा, शाळेच्या पायरीचा, फणसाखालचा. फणसाखालच्या व्हॉल्व्हपाशी पोचलो तर तिथे फणस नाही. तो २०२१ च्या मे महिन्यात वादळात पडला, पुढे तिथून काँक्रीटचा रस्ता गेला, आणि व्हॉल्व्ह त्या काँक्रीटखाली. "मग हा बंद करायचा झाला तर काय करता?" मी विचारलं. "तो बंद करूचोच नाय," तो शांतपणे म्हणाला. म्हणजे खालच्या आळीत एका घरासमोर नळी फुटली की वरून अख्ख्या वाडीचं पाणी तोडायचं. गेलं वर्षभर तसंच चाललं होतं, आणि नगरपालिकेच्या एकाही कागदावर त्याची नोंद नव्हती. हा माणूस उद्या निवृत्त झाला तर त्याच्याबरोबर काय काय घरी जाईल, याचा हिशेब कोणाकडे आहे?

दुसरा खोत म्हणजे सल्लागार. त्याच गावाची मोजणी आमच्या आधी एकदा झालेली होती, कुठल्याशा योजनेच्या प्रस्तावासाठी. तिच्यातून हाती उरलं होतं ते भिंतीवरचा एक मोठा रंगीत छापील नकाशा आणि कपाटातली एक सीडी. सीडीतली फाइल ज्या प्रणालीत उघडते तिचा परवाना कधीच संपलेला. रंगीत नकाशावर एके ठिकाणी वाहिनी सरळ विहिरीच्या मधून गेलेली दिसत होती. ती चूक सगळ्या कार्यालयाला माहीत होती आणि दुरुस्त कुणालाच करता येत नव्हती. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. करारात जे मागितलं ते सल्लागाराने दिलं होतं. उघडता येणारी, बदलता येणारी, दुसऱ्याला देता येणारी नोंद करारात मागितलीच नव्हती. म्हणून एकाच गावच्या एकाच जमिनीखालच्या त्याच नळ्यांसाठी आम्ही पुन्हा घाम गाळत होतो.

आता या कामाचं मुक्त सॉफ्टवेअर नेमकं कुठलं, ते पाहू. क्यूजीआयएस २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलं; आज जगभरचे लोक ते मिळून चालवतात. त्याच्या मागे माहिती साठवायला पोस्टजीआयएस असतं. आणि नळ्यांतल्या दाबाचं गणित करणारं ईपॅनेट तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये करून जगाला खुलं केलं. क्यूजीआयएस आणि ईपॅनेट यांना जोडणारं क्यूजीआयएसरेड हे साधन स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात खास पाण्याच्या जाळ्यांसाठी तयार झालं. गंमत अशी की विकत मिळणाऱ्या कित्येक प्रणालींच्या पोटात ईपॅनेटचंच गणित चालतं. "फुकटच्या गणितावर आमचा भरवसा नाही" असं म्हणणारा बहुतेक वेळा तेच गणित चांगल्या वेष्टनात विकत घेत असतो.

हे गणित कोकणात नुसत्या डोळ्यांनी दिसतं. टाकी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, आणि बाजार खाडीकाठी. उंचीत दहा मीटरचा फरक पडला की दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब. टाकीपासून साठ मीटर खाली बंदर असेल, तर पाणी नुसतं उभं असतानाही तिथल्या नळीवर सहा किलोचा भार, आणि टाकीला लागून असलेल्या आळीत हंडा भरायला अर्धा तास. सड्यावरच्यांना वाटतं बंदरवाले टिल्लू पंप लावून ओढतात; बंदरवाल्यांना वाटतं वरचे लोक नळ उघडे टाकतात. सभेत दोघेही एकमेकांच्या जातीपर्यंत पोचतात. दोघांच्या मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, हा प्रश्न नळ्यांचा व्यास आणि जागोजागची उंची हाताशी असेल तर एका दुपारचा आहे. तसंच गणपतीचं. चाकरमानी आले की बंद घरं उघडतात, एकेका घरात पंधरा-पंधरा माणसं, आणि नळाला पाणी येत नाही. भाद्रपदात धरण तुडुंब भरलेलं असतं, त्यामुळे तेव्हा तरी दोष पावसावर ढकलता येत नाही. जाळ्यात नेमकी कुठली नळी त्या दिवसांत अपुरी पडते, हे संगणकाला विचारता येतं. पण आधी ती नळी संगणकाला माहीत हवी.

इथे विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मीच मांडतो, कारण त्या सभेत तो कुणी मांडलाच नाही. ईपॅनेट ज्या देशात जन्मलं तिथे नळ चोवीस तास भरलेले असतात. त्याचं गणित नळी पूर्ण भरलेली आहे असंच धरून चालतं. आपल्याकडे पाणी दिवसाआड, तास-दोन तास. व्हॉल्व्ह उघडला की आधी नळीतली हवा पुढे पळते, मग नळी भरते, मग कुठे दाब तयार होतो, आणि तेवढ्यात वेळ संपते. शेवटच्या घराला पाणी का मिळत नाही याचं उत्तर पुष्कळदा या भरण्याच्या वेळेतच असतं, आणि ईपॅनेट ते पकडत नाही. २०२० मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाब जेवढा तेवढंच पाणी, असा हिशेब करायची सोय झाली. आपल्यासाठी ती फार मोलाची आहे, पण रिकामी नळी तिलाही कळत नाही. शिवाय उंची. फुकट मिळणारी उंचीची माहिती बरीचशी २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर उभी आहे. ते रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि आमच्या वाड्या तर माडा-पोफळींच्या खालीच वसलेल्या. दहा मीटरची चूक म्हणजे एक किलो दाबाची चूक. झाडीत मोबाइलचं स्थानही भरकटतं. दोन मीटरच्या पाणंदीत पाच मीटरची चूक म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात खड्डा.

हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही विकतच्या प्रणालीने सुटत नाही. पैसे मोजले म्हणून रडारला माडाखालची जमीन दिसत नाही. उपाय एकच: महत्त्वाच्या जागांची उंची रीतसर उपकरणाने मोजायची, दोन-चार ठिकाणी दाबमापक लावून संगणकाचा आकडा आणि नळातला आकडा पडताळून पाहायचा. जुन्या बिडाच्या नळीचा आतला खडबडीतपणा पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे धरला, तर खाऱ्या हवेत आणि खाऱ्या मातीत चाळीस वर्षं गंजलेली नळी तुम्हाला खोटं पाडणारच. हा सगळा खर्च माणसांचा आणि उपकरणांचा आहे. परवान्यावर पैसे गेले की नेमका याच कामाला हात आखडता घेतला जातो, हे मी पाहिलंय.

"रात्री दोन वाजता प्रणाली बंद पडली तर फोन कोणाला करायचा?" हा आक्षेप जबाबदारीचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरसाठी पैसे देऊन मदत घेता येते; घ्यावीच. फरक एवढाच की मदतनीस बदलता येतो. पटलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा, आणि जाताना पहिला तुमची नोंद घेऊन जाऊ शकत नाही. बाकी रात्री दोन वाजता नळी फुटली तर धावत जाणाऱ्याला आधी व्हॉल्व्हची किल्ली लागते.

बदल्यांचा आक्षेप याहून खोल आहे. नगरपालिकेचा पाणीपुरवठा अभियंता राज्याच्या संवर्गातला. तो आज इथे, उद्या विदर्भात. शिकवलेलं माणूस निघून जातं, मग मुक्त सॉफ्टवेअर शिकवून उपयोग काय? पण नीट पाहिलं तर हा मुद्दा उलटा पडतो. माणूस जाणारच असेल, तर त्याने काय मागे ठेवावं असं आपल्याला वाटतं? परवान्याची प्रणाली बहुतेकदा एका यंत्राला किंवा एका नावाला बांधलेली असते. खुली फाइल त्याच्या जागी येणारा नवा अभियंता कुठल्याही संगणकावर उघडतो, आणि ती तंत्रनिकेतनातल्या मुलांनाही उघडता येते. रत्नागिरी, मालवण इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तिथली मुलं परवान्याविना ते सॉफ्टवेअर घरी घेऊन बसू शकतात. पुढचा माणूस तिथूनच यायचा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आणि महाडला पाणी शिरलं तेव्हा कागदांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने तर २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले. नकाशाच्या प्रती चार ठिकाणी ठेवता याव्यात, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये, एवढीच माझी मागणी आहे.

सुरक्षेच्या मुद्द्यात मात्र नुसता गोंधळ आहे. सॉफ्टवेअर खुलं म्हणजे नळ्यांचा नकाशा जगाला खुला, असं नाही. विहिरीचा रहाट कसा बनवतात हे साऱ्या गावाला माहीत असतं. म्हणून विहिरीला दार नसतं का?

आता मला स्वतःला अडवणारा आक्षेप. तो कुठल्या नगरसेवकाने घेतलेला नाही, त्या व्हॉल्व्हमनने घेतला. तिसऱ्या दिवशी, शाळेच्या पायरीवर पाणी पिताना तो म्हणाला, "ह्यो नकाशो तुमी घेवन गेलात काय मग माका कोण इचारतलो?" त्याला काय सांगायचं? कंत्राटी माणसाकडे टिकून राहायला एकच भांडवल असतं, आपल्यालाच माहीत असण्याचं. ते आपण मोबाइलवर काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी स्वस्तातला मुलगा ठेवला, तर खोती मोडल्याचा दावा करताना आपणच नवे खोत झालो. खोती गेली तेव्हा कुळाला जमीन मिळाली. इथे नोंद करून देणाऱ्याला काय मिळणार? यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण एक व्यवहाराची बाजू आहे. नळांचा नकाशा एकदा करून संपत नाही. दर आठवड्याला कुठेतरी नवी जोडणी होते, कुठेतरी रस्ता खणला जातो, कुठे नळी वळवली जाते. जमिनीवरचा माणूस नोंद करत राहिला नाही तर दोन वर्षांत तो नकाशा भिंतीवरच्या रंगीत नकाशाच्या लायकीचा होतो. तेव्हा व्हॉल्व्हमनला कायम करणं आणि प्रत्येक नोंदीपुढे त्याचं नाव राहील अशी सोय करणं, हा दयाधर्म नाही. नकाशा जिवंत ठेवायचा तो खर्च आहे. हे करायची तयारी नसलेल्या नगरपालिकेने सॉफ्टवेअरच्या वादात पडूच नये.

त्याच्या बाजूने एक बारीकसा आडमुद्दा. त्याने सांगितलेली नावं आम्ही आधी शेपफाइल नावाच्या जुन्या फाइल-प्रकारात भरायला घेतली. त्यात रकान्याच्या नावाला दहाच जागा, आणि देवनागरीची एकेक खूण तीन-तीन जागा खाते. म्हणजे रकान्याचं नाव तीन खुणांत बसवायचं. "व्हॉल्व्ह" हा शब्दच मावेना! जिओपॅकेज नावाच्या २०१४ सालच्या खुल्या प्रकारात ही अडचण नाही. तो प्रकार वापरल्यावर नकाशावर "फणसाखालचा" असं स्वच्छ मराठीत उमटलं आणि तो माणूस पहिल्यांदा मोबाइल हातात घेऊन स्वतः काहीतरी शोधू लागला.

राहता राहिला धोरणाचा प्रश्न. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचे लोक केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या धोरणाचा दाखला देतात. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं त्यात म्हटलंय, हे खरं. २०२१ मध्ये नकाशे करण्यावरचे जुने निर्बंधही बरेच सैल झाले. पण कागदावरच्या ठरावाचं काय होतं, हे कोकणाला कुणी शिकवायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले या सदस्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळ्यावर त्याप्रमाणे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. मामला न्यायालयात दहा वर्षं चालला. ही तुलना जपूनच करायला हवी. तिथे माणूसपणाचा प्रश्न होता, इथे एका फाइलचा आहे. मला त्यातून घ्यायचंय ते इतकंच की "खुलं" हा शब्द ठरावात लिहिल्याने काही खुलं होत नाही. तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागते.

म्हणून पुढच्या सभेत सॉफ्टवेअरच्या नावावर मतदान घेऊ नका. निविदेत दोन अटी घाला. मोजणीची सगळी नोंद खुल्या प्रकारात, मराठी नावांसकट, नगरपालिकेच्या स्वतःच्या संगणकावर हवी, आणि ती नगरपालिकेच्याच कर्मचाऱ्याने उघडून, एखादी जोडणी बदलून, जतन करून दाखवायची. मग शेवटचं देयक काढायच्या आदल्या दिवशी, पाणी सोडायच्या वेळी, व्हॉल्व्हमनने यादीतला कुठलाही एक व्हॉल्व्ह बंद करावा. नकाशा सांगतो त्याच घरांचं पाणी गेलं का, हे दोन माणसं वाडीत फिरून पाहतील. दुसऱ्याच कुणाचा नळ कोरडा पडला, तर देयक थांबवा.